बिनवासाचा पुदिना

रविवार, संध्याकाळ. बीदर.

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, त्याबद्दल आधी माफी. दोघा-तिघांनी तब्येतीची चौकशी केली... तब्येत ठणठणीत आहे. घरात एका पाणवनस्पतीवरून वाद पेटला होता आणि तो विझेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं.

आमच्या हॉलमध्ये माशांची टाकी आहे. तिच्यात फिकट पोपटी रंगाचं, बारीक कातरलेल्या पानांचं एक झाड आहे. दुकानदाराने विस्टेरिया असं नाव सांगितलं होतं, आम्ही टाकीतली कोथिंबीर म्हणतो.

उन्हाळ्यात माझी थोरली बहीण, अक्का, चिटगुप्प्याहून आली होती. तिला ते झाड फार आवडलं. निघताना माझ्या बायकोने, सुरेखाने, त्याच्या दोन काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवल्या. अक्काने घरी जाऊन त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, चार बोटं पाण्यात, खिडकीपाशी ठेवल्या.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. जुनी पानं सडून गेली होती. काड्या पाण्याच्या वर निघाल्या होत्या आणि त्यांना नवी पानं आली होती... गडद हिरवी, अंडाकृती, कडेला बारीक दाते. कातर नावालाही नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुरेखा स्वयंपाकघरात एका ग्लासात पुदिन्याच्या काड्या मुळं फुटायला ठेवते, आणि तो ग्लास अक्काने पाहिला होता.

“शोभेचं झाड मागितलं तर सुरेखानं पुदिना गुंडाळून दिला,” अक्का म्हणाली. “आन् त्योबी बिनवासाचा. चावून बघितलंय मी.”

सुरेखाला हे कळलं आणि काड्या टाकीतल्याच होत्या, हे तिने मला दोन दिवस ऐकवलं. पुदिना दिला या आरोपापेक्षा बिनवासाचा दिला, हे तिला जास्त लागलं असावं.

हसू येत होतं, पण पुढे अक्काचे फोन थांबले. मग मेसेज आला, यंदा नागपंचमीला जमणार नाही. आई गेल्यापासून अक्काचं माहेर म्हणजे आमचंच घर. पंचमीला ती आली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही.

मी बसून विचार केला. सुरेखाला टाकीचा कंटाळा आहे, हे खरं. घाईत हात चुकला असेल का? की मुद्दाम...? हे मनात आलं याची लाज वाटली, तरी मी स्वयंपाकघरात जाऊन पुदिन्याच्या ग्लासात नाक घातलं. तेवढ्यात सुरेखा आली.

“काय करायलाव?”

सर्दी गेली का बघतोय, असं काहीतरी सांगितलं. मला सर्दी झालेलीच नव्हती.

शेवटी बुद्धी सुचली आणि नेटवर वाचलं. हे झाड पाण्याखाली वाढलं की कातरलेली पानं काढतं, आणि हवेत डोकं काढलं की साधी. रंगही बदलतो. झाड तेच! अक्काला लगेच फोन करून सांगितलं. नेटवर लोक काय बी लिहितेत, म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मीच बस धरून चिटगुप्प्याला गेलो. तिच्या बरणीतली एक काडी द्यायला सांगितली, माझ्या टाकीत लावून दाखवतो म्हटलं. अक्काने शिलाई मशीनचा लाल दोरा आणला आणि काडीच्या शेंड्याजवळ गाठ मारली.

“हां. आता ह्या दोऱ्याच्या वर कोथिंबीर उगवून दाव. आन् मधी कुणी हात लावायचा न्हाई.”

कुणी म्हणजे कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

काडी टाकीत बुडवली. त्यानंतर रोज सकाळी दात घासत मी काचेला डोळा लावून उभा. सुरेखा टाकीकडे बघायचीसुद्धा नाही, मुद्दाम लांबून जायची. पहिलं नवं पान आलं ते धड ना पुदिना, ना कोथिंबीर... नुसत्या खाचा. दुसरं जरा जास्त फाटलेलं. त्यानंतरचं मात्र थेट कातरलेलं. दोऱ्याच्या खाली पुदिना, वर कोथिंबीर, एकाच काडीवर.

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. आणि मग प्रश्न पडला... सुटलो कशातून? आरोप तर सुरेखावर होता.

आज ती काडी बाटलीत घालून अक्काकडे नेली. तिने चष्मा लावून आधी गाठ तपासली, मग पानं.

“वारं लागलं की येगळं, पाण्यात गेलं की येगळं... व्हय?”

व्हय, म्हणालो.

तिने माझ्याच फोनवरून सुरेखाला लावला. चुकलं वगैरे शब्द अक्काच्या बोलण्यात नसतात. “पंचमीला शेंगाचे लाडू करू नगंस गं,” एवढंच म्हणाली. “मी करून आणायलेय.” पलीकडून सुरेखा काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण त्यानंतर दोघी इतका वेळ बोलत बसल्या की माझी बस चुकली.

घरी आलो तर सुरेखा खुशीत. चहा झाला, अक्काचं बोलणं तिने दोनदा सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, “अक्कांचं सोडा. तुमाला तरी माझं खरं वाटलं होतं न्हवं?”

व्हय, म्हणालो. फार पटकन म्हणालो.

झाडाने दोऱ्याखालची पानं टाकली नव्हती. आधी कसं होतं ते अंगावर ठेवूनच ते नवं झालं. मला मात्र एका शब्दात मागचं सगळं पुसायचं होतं... सुरेखा माझ्या पोस्ट सकाळच्या चहाबरोबर वाचते.

उद्याचं एकच काम : तिच्या हातात मोबाईल जाण्याआधी उठून हे तोंडाने सांगणे.