चटईखाली बसलेला मामा

माझे भावजी पोउली आमच्या कुटुंबाचे प्रमुख. दुसऱ्याचं ओझं आपल्या खांद्यावर घेतल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नाही. त्यांची बहीण वारली, तर तिचा पोरगा सेमो यांनी वाढवला. चर्चचं छप्पर उडालं, तर पहिले हेच वर चढले.

रग्बीच्या सामन्यानंतर पलीकडच्या गावाशी दगडफेक झाली आणि तिथल्या तोमासीच्या मुलाचा डोळा गेला. आमची पोरं धापा टाकत परतली, त्यांत सेमो होता, एवढंच पोउलींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते तोमासीच्या दारात जाऊन जमिनीवर बसले आणि अंगावर तलम चटई ओढून घेतली. आमच्याकडे माफी मागायच्या या रीतीला इफोगा म्हणतात. खाली बसलेल्याला हवं तर मारावं, नाहीतर चटई उचलून त्याला घरात घ्यावं. ऊन चढेपर्यंत ते तसेच वाकून होते. मग तोमासीने चटई उचलली. माझ्या बहिणीने पाठ मोडून विणलेली ती चटई तिथेच राहिली, त्याचा राग मला आजही आहे.

आम्हाला वाटलं, मिटलं. पण पोलिसांनी सेमोला नेलंच. तो पहिल्यापासून म्हणत होता, दगड मी मारला नाही. खालच्या कोर्टाचं म्हणणं पडलं, मग मामा माफी मागायला कशाला गेला? झाली शिक्षा.

सेमोच्या वकीलबाईंनी अपील केलं, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत सेमोला जामीन मिळावा म्हणून अर्ज टाकला. पोउलींना समजावायला त्या घरी आल्या.

"आता तो दोषी ठरलाय. अशा माणसाला जामीन सहज मिळत नाही. अपिलात दम आहे आणि पोरगा पळणार नाही, हे पटवून द्यावं लागेल."

"म्हणजे तो दोषी आहे?"

"आज आहे."

"आणि जामीन मिळाला तर?"

"तरीही दोषीच. पण घरी."

भावजींनी डोकं खाजवलं. "लोसा, तुला काही कळलं का गं?"

"कळलं की. तारोचा कंद अर्धा कच्चाय, तरी वाढायचाय," मी म्हणाले. खरं तर मलाही काडीचं कळलं नव्हतं.

राजधानीत, आपियाच्या मोठ्या कोर्टाबाहेर तोमासी आमच्याच बाकावर बसला. त्याने आणलेला भाजलेला नीरफणस आम्ही वाटून खाल्ला. सरकारी वकील दोनदा येऊन बघून गेला. यांच्यात फिर्यादीकडचे कोण आणि आरोपीकडचे कोण, हे त्या बिचाऱ्याला उमगेना.

आत न्यायाधीशबाईंनी पोउलींना उभं केलं. "अपिलात म्हटलंय, दगड सेमोने मारला नाही. आणि तुम्ही तर त्याच्यासाठी माफी मागून आलात. मी काय धरायचं?"

पोउली गोंधळले. सेमोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खोटं त्यांना कधी जमलंच नाही.

"बाई, मी त्याला विचारलंच नाही."

"काय विचारलं नाही?"

"त्याने केलं का, ते. आमचं पोर तिथे होतं, तिकडच्या पोराचा डोळा गेला, म्हणून मी बसलो. कुणाच्या हातून झालं, हे विचारत बसायची आमच्यात रीत नाही."

वकीलबाईंचा चेहरा खुलला. त्यांना नेमकं हेच हवं होतं. मामाला काही ठाऊकच नव्हतं, तर त्याची माफी म्हणजे सेमोची कबुली कशी? न्यायाधीशबाईंनाही ते पटलं. अपिलात दम दिसतो म्हणाल्या, आणि जामीन दिला. अट एवढीच, मामाच्या घरी राहायचं, पलीकडच्या गावात पाऊल टाकायचं नाही.

मी आनंदाने ओरडलेच. सेमो मात्र मान खाली घालून उभा होता.

घरी डुक्कर भाजलं होतं. शेजारीपाजारी "सुटला, सुटला" करत जेवून गेले. "सुटला नाही हो, निकाल बाकी आहे," पोउली ज्याला त्याला सांगत होते, पण ऐकतंय कोण! सेमोने घास तोंडात घातला नाही.

"का रे, काय झालं?" मी विचारलं.

तो माझ्याशी नाही, मामाशी बोलला. "इतके महिने मी सगळ्यांना ओरडून सांगतोय. पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं. तू का नाही विचारलंस, मामा?"

"तू हो म्हणाला असतास तरी मी बसलो असतो. नाही म्हणाला असतास तरी बसलो असतो."

"ते मला माहीत आहे. पण तुला काय वाटत होतं?"

पोउलींनी हातातला घास पानात ठेवला. त्यांना काय वाटत होतं ते मला ठाऊक होतं. मलाही तेच वाटत होतं.

"आता विचार," सेमो म्हणाला.

"आता विचारून काय—"

"विचार, मामा."

पोउली त्याच्यासमोर बसले. "सेमो, दगड तू मारलास?"

"नाही."

"बरं," पोउली म्हणाले आणि त्याचा हात धरला. शिक्षा सुनावली तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेलं ते पोर हमसून हमसून रडायला लागलं.