टीनाचा जप आणि माझं भाषांतर

आधी तो घोट गिळा, मग सांगते. नाहीतर चहा नाकातून येईल! आता काय सांगू तुम्हाला, माझ्या इंग्रजीची गंगेकाठच्या आमच्या साऱ्या रामघाटावर अशी काही शोभा झाली…

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए.ला, आणि तेही इंग्रजी घेऊन! दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, घरीच वेदपाठशाळा, त्यामुळे 'शास्त्रीबुवांची लेक फाडफाड इंग्रजी बोलते' अशी माझी ख्याती. फाडफाड कसलं! पण ख्याती कोण नाकारतं?

त्या वर्षी शेजारच्या सरलाकाकूंनी वरची खोली न्यूयॉर्कच्या टीनाला दिली. तबला शिकायला आली होती. उंच, सावळी, डोकंभर बारीक बारीक वेण्या. रोज पहाटे घाटाच्या पायरीवर बसायची. गंगेवर धुकं, पलीकडची वाळू दिसतेय न दिसतेय अशी, एखादी नाव आवाज न करता सरकतेय… आणि टीना डोळे मिटून, कानाला वॉकमन लावून काहीतरी पुटपुटतेय. मान डोलतेय. बोटं मांडीवर चालतायत. मी खिडकीतून बघतच राहायची. वाटायचं, हिला नक्की काहीतरी दिसलंय. आपण इथे जन्मलो, आणि आपल्याला नुसती नदी दिसते!

शेवटी एकदा जाऊन विचारलंच, काय करतेस म्हणून.

ती हसली. "आय रॅप."

आता मला सांगा, जी बाई गंगेला 'गँजीस' म्हणते, तिच्या तोंडून 'जप' नीट कसा निघेल? मी मनातल्या मनात उच्चार सुधारून घेतला.

"गुरू कोण?"

झालं, ती सुटलीच. तिच्या गल्लीत रस्त्यावर स्पीकर लावून हे सुरू झालं. पोरं म्हणायची, हे पोरींचं काम नाही. पण पोरी पहिल्यापासून होत्या! नावं मात्र पोरांची झाली. त्या मोठ्या बायकांच्या कॅसेटी ऐकून ही शिकली. आणि मग नावं! क्वीन अमकी, लेडी तमकी. मला तेव्हा कळलं ते एवढंच: गल्ली, बायका, राणी. म्हणजे शक्तीची उपासना! अंगावर काटा आला हो.

घरी येऊन सांगितलं. दादा म्हणाले, "जप करताना मान कसली हलवते?"

"अमेरिकन पद्धत असेल, दादा."

आईचे डोळे मात्र चमकले. "परसों आपलं चैत्राचं हळदीकुंकू आहे. तिला बोलाव. ती जप म्हणेल, तू अर्थ सांग."

टीनाला विचारलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सगळ्या बायका? फक्त बायका?" तिकडे म्हणे तिला माइकसाठी भांडावं लागायचं. मी म्हटलं, किती ही श्रद्धा!

हळदीकुंकवाला तीस बायका जमल्या. कैरीची डाळ, पन्हं, गौरीपुढे आरास. टीनाने आईचं हिरवं लुगडं नेसलेलं, खाली बूट तसेच. तिने टाळ्यांचा ठेका मागितला. आरतीची सवय असलेल्या बायका, त्यांनी लगेच धरला. आणि टीना सुरू झाली.

अरे देवा! पहाटेचं पुटपुटणं कुठे आणि हे कुठे! लाह्या फुटाव्यात तसे शब्द. मला एक कळेल तर शपथ! पण तीस बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी हात जोडले आणि ठोकून दिलं, "हे माते, तू जगाची राणी!"

टीनाने माझ्याकडे बघितलं आणि आणखी जोर धरला.

"हे माते, तुझा महिमा अपार!"

टीना आणखी जोरात.

"हे माते, आम्हा लेकरांना…"

"थांब गं!" सरलाकाकू ओरडल्या. "ती म्हणतेय, मी बोलत असताना मधे कुणी तोंड घालायचं नाही. आणि तू केव्हाची घालतेयस!"

टाळ्या थांबल्या. माझे हात जोडलेलेच.

"आणि माता कुठली? तिची आई आहे ती. तीन घरची कामं करून तिने या पोरीला वाढवलं, ते सांगतेय."

"काकू, पण हा जप…"

"जप कसला डोंबलाचा! रॅप म्हणतात त्याला. वीस वर्षं परदेशी भाडेकरू ठेवतेय मी. मला विचारायचंस तरी!"

मी आईकडे बघितलं. आता ही टीनाला उठवणार की मला? आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन तशीच उभी.

"तीन घरची?" तिने हळूच विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या.

आई पुढे झाली, तिने टीनाला कुंकू लावलं, तिच्या हातात पन्ह्याचा गिलास दिला. म्हणाली, "तिला म्हणावं, पहिल्यापासून म्हण. अर्थ सरला सांगेल."

मग काय रंगलं म्हणता! बाहेरच्या खोलीतून दादांचासुद्धा आवाज आला, "अहो, ही श्वास कुठे घेते?"

संध्याकाळी मी टीनाशेजारी पायरीवर जाऊन बसले. तिच्या मोडक्या हिंदीत आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं, माफी मागितली.

ती चक्रावली. "माफी कसली? आमच्यात एकजण म्हणतो, दुसरा मधे मधे आवाज देतो. मला वाटलं, तूही रॅपच करतेयस!"

पाण्यावर दिवे डुलत होते. मला एकदम न्यूयॉर्कची गल्ली दिसायला लागली, हातात माइक, समोर गर्दी, आणि मी… क्वीन रामघाट! अगदी हळू आवाजात विचारलं, "मग… कशी केली मी?"

टीनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खरं सांगू? ठेका नाही, यमक नाही, दम नाही. पण इतकं वाईट इतक्या आत्मविश्वासाने करणारी बाई मी न्यूयॉर्कमध्येही पाहिली नाही!"