शेळक्याच्या चिंध्या

औरंगाबादच्या छावणीत माझी बदली झाली तेव्हा मी नाईक होतो. एमटीचा, म्हणजे गाड्यांच्या विभागाचा ड्रायव्हर. माझं गाव फुलंब्रीच्या पुढं, नदीकाठच्या वस्तीवर. घरापासून तासाभरावर पोस्टिंग मिळणं म्हणजे फौजीला लॉटरीच. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. तीन महिन्यांनी लान्स नाईक महादू शेळके आला आणि त्या नशिबावर पाणी पडलं.

शेळके करमाळ्याकडचा. माझ्यापेक्षा एका फितीनं लहान. आई तो पाळण्यात असतानाच गेलेली. बोलायचा कमी, हसायचा जास्त. सारखी हसणारी माणसं मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या गाड्यांच्या पार्कामागं धान्याचं गोदाम होतं. त्यामुळं उंदीर लई. इंजिनाच्या उबेला येऊन बसायचे आणि वायरी कुरतडायचे. सकाळी सहाला सगळ्या गाड्या स्टार्ट करून बघायच्या, तेव्हा एखादी तरी मुकी निघायचीच. पिंजरे लावले, डांबराच्या गोळ्या टाकल्या. मी स्वतः एक मांजर आणलं. ते चार दिवसांत कुकहाऊसला राहायला गेलं.

शेळक्यानं काय केलं? रविवारी गुलमंडीत गेला आणि एका तंबाखूवाल्याकडून देठ आणि भुगा पोतंभर घेऊन आला. तुपाच्या रिकाम्या डब्यात ते उकळलं. जुन्या वर्दीच्या चिंध्या त्या काळ्या पाण्यात भिजवून वाळवल्या आणि आपल्या गाडीच्या वायरींना गुंडाळल्या, सायलेन्सरपासून चार बोटं लांब. पंधरा दिवसांनी चिंध्या बदलायच्या, दिवसा बोनेट उघडं ठेवायचं, गाडीत बसून काही खायचं नाही. एवढंच. महिनाभर त्याच्या गाडीची एक वायर तुटली नाही.

आमच्या विभागाचे सुभेदार पिल्लेसाहेब. त्यांनी सकाळच्या फॉल-इनमध्ये, सगळे रांगेत उभे असताना, हुकूम दिला, "सब गाड़ी में शेळकेवाला सिस्टम लगेगा."

शेळकेवाला सिस्टम! माझी आठ वर्षांची सर्व्हिस, माझ्या नावानं कुणी कधी नटबोल्टसुद्धा ओळखला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चिंध्या बांधायला तो माझ्या गाडीपाशी आला. सीटखाली टूलबॉक्स होता. दर रविवारी आई एसटीच्या कंडक्टरबरोबर बाजरीच्या भाकरी आणि ठेचा पाठवायची. बराकीत ठेवलं की बाकीचे फडशा पाडायचे, म्हणून मी ते गाठोडं टूलबॉक्समध्ये ठेवायचो.

"उस्ताद, गाडीत भाकर नका ठेवू. वासानं उंदीर येत्यात."

"तुला आई नाय म्हणून माझी भाकर डोळ्यात खुपती व्हय रं?"

त्याचं हसू गेलं. "नाय उस्ताद," म्हणाला. उरलेल्या चिंध्या नीट बांधून गेला. आपण वाईट बोललो हे मला तेव्हाच कळलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं नाही.

पुढच्या महिन्यात आई मला भेटायला छावणीच्या गेटवर आली. शेळके तिथं गार्डला होता. त्यानं तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. मी पोचलो तेव्हा दोघं गप्पा मारत होते. पुढच्या रविवारी एसटीतून दोन गाठोडी आली. कंडक्टर म्हणाला, "म्हातारीनं सांगितलंय, एक म्हादूचं."

म्हादूनं बराकीच्या पायरीवर बसून तिथल्या तिथं सगळं संपवलं. फडकं धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिलं. त्या दुपारी मी माझ्या गाडीच्या चिंध्या उपटल्या आणि कचऱ्याच्या खड्ड्यात टाकल्या. तपासणीच्या रजिस्टरात लिहिलं, ओके.

ते दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे होते. बाकीच्या गाड्या सरावाच्या कॅम्पला गेलेल्या. पार्कात दोनच उरल्या, माझी आणि शेळक्याची. सकाळी ०५५० ला हुकूम आला. नदीला पूर, फुलंब्रीच्या पुढं एक वस्ती वेढली गेलीय, दोन्ही गाड्या दोर घेऊन निघा. दोर प्रत्येक गाडीच्या पुढच्या रहाटाला पक्का बसवलेला, गाडी गेली तरच जाणारा. साहेबांनी वस्तीचं नाव वाचलं. ती माझी वस्ती होती.

मी सेल्फ मारला. सेल्फ फिरला, इंजिन पकडेना. चार जणांनी धक्का दिला. काही नाही. बोनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरची वायर दोन ठिकाणी तुटलेली. बॅटरीच्या बाजूला उंदराचं घरटं, आणि त्यात बाजरीच्या भाकरीचे तुकडे.

पिल्लेसाहेबांनी ते पाहिलं. वायरींवर एकही चिंधी नाही, हेही पाहिलं. तिथूनच वळून ओरडले,

"शेळके! गाड़ी निकालो."

त्याची गाडी पहिल्या सेल्फला लागली. मी त्याच्या गाडीत चढायला गेलो, तर साहेबांनी दंड धरला. "तू अपनी गाड़ी ठीक कर के आ. दूसरी रस्सी चाहिए वहाँ."

शेळक्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "उस्ताद, काळजी करू नका. आईचं बघतो मी."

तुमच्या आईचं नाही म्हणाला. आईचं म्हणाला. घरदार पुरात होतं आणि मला तो शब्द झोंबला. असा माणूस होतो मी.

स्टोअरवाल्याला शोधून नवी वायर मिळेपर्यंत साडेसात झाले. वायरलेसवर शेळक्याबरोबरच्या ऑपरेटरचा आवाज येत होता. "सात बाहर. चार बाकी. रस्सी एक ही है. दूसरी गाड़ी कब आएगी? ओव्हर."

पिल्लेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "आ रही है. ओव्हर."

मी ०८४० ला पोचलो. आई काठावर बसली होती, अंगावर शेळक्याचा रेनकोट. ऑपरेटरनं सांगितलं, शेळक्यानं दहा जणांना आणलं. अकराव्यासाठी परत आत गेला तेव्हा वरून लाकूड वाहत आलं आणि दोर तुटला. दुसरा दोर असता तर त्याला धरायला काही तरी होतं. अकरावा माणूस झाडाला धरून बसला, वाचला. शेळके दोन दिवसांनी खालच्या अंगाला सापडला.

"म्हादूनं पाठीवर आणलं रं मला," आई म्हणाली. "तू कुठं व्हतास?"

"गाडी बंद पडली."

"कशानं?"

"उंदरानं वायर तोडली."

चौकशीत पिल्लेसाहेबांनीही तेवढंच लिहिलं. चिंध्यांचं लिहिलं नाही. त्यानंतर ते माझ्याशी कामापलीकडे कधी बोलले नाहीत.

आई पुढं बारा वर्षं जगली. मरेपर्यंत उंदरांना शिव्या द्यायची. मेल्यांनो, माझ्या म्हादूला खाल्लंत, तुमचं वाटोळं होवो. त्या शिव्या कुणाला लागतात हे मला ठाऊक होतं. खरं सांगितलं तर भाकर तिची होती हे तिला कळेल, म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगायचो. साफ खोटं. मला भीती होती, ती माझं तोंड बघायची नाही.

वस्तीनं शाळेसमोर दगड बसवलाय. लान्स नाईक महादू शेळके, एवढंच नाव. दरवर्षी त्या दिवशी आई पहाटे उठून भाकरी थापायची, फडक्यात बांधून दगडापुढं ठेवायची. दगडावर हात फिरवत म्हणायची, "माझा म्हादू." मी शेजारी उभा असायचो, सावधानमध्ये, जिवंत. तेव्हाही मी जळायचो.

आता आई नाही. भाकरी मी थापतो, वेड्यावाकड्या होतात. गाठोडं दगडापुढं ठेवतो आणि तिथल्या तिथं म्हादूला सांगतो, चिंध्या मी उपटल्या होत्या.