माळकऱ्याच्या गाडीला दारू

औशाच्या मोंढ्यामागं दगडोबा मिस्त्रीचं गॅरेज आहे. माणूस पक्का माळकरी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण दिवाळीपासून गावाच्या तोंडी एकच. "सोता थेंबाला शिवंना, अन् गाडीला मातर दारू पाजतोय." खोटं तरी कसं म्हणावं? उसाच्या मळीपासून काढलेलं इथेनॉल म्हणजे दुसरं काय हो!

गाडी म्हणजे भंगारातून उचललेली पेट्रोलची जुनी व्हॅन. मागची बाकडी काढून दगडोबानं आत फळीचा पलंग ठोकला, शेगडी बसवली आणि खिडक्यांना बायकोच्या लुगड्याचे पडदे लावले. लुगडं सिंधुला न विचारता फाडलेलं, म्हणून दोन दिवस घरात नुसतं पिठलं शिजलं. फिरतं घर झालं, तेवढ्यात लातूरच्या एका पंपावर इथेनॉल मिळतं असं कानावर आलं आणि गड्याच्या अंगात वारं शिरलं. आपल्या शिवारातल्या उसावर गाडी पळाली पाहिजे! मग कार्ब्युरेटरमधलं इंधन सुटायचं भोक वाढव, रबरी नळ्या बदल, असं करत दोन महिने इंजिन उघडलं नि मिटलं.

त्याला हवं होतं एकच, सिंधुनं त्या गाडीत बसून लेकीकडं यावं. लेक वर्षाराणी किनवटला आश्रमशाळेत शिकवायची. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. दगडोबा लोकांच्या गाड्या दुरुस्त करत राहिला आणि सिंधु सगळीकडं एस्टीनं गेली. "तुला आपल्या गाडीनं नेतो," हे ऐकून तिचे कान किटले होते.

"आदी चालू करून दावा," ती म्हणाली. "न्हाईतर शनवारी सातच्या एस्टीनं मी चालले लेकीकडं."

शनिवार उजाडला तो कडाक्याच्या थंडीचा. इथेनॉलवरचं इंजिन थंडीत उठायला कुरकुर करतं, त्याला आधी दोन घोट पेट्रोल पाजावं लागतं. त्यासाठी दगडोबानं एक बाटली जपून ठेवली होती. शेवटचा नट आवळला आणि त्यानं हात पाहिले तर कोपरापर्यंत काळे. असल्या हातांनी सिंधुसाठी दार उघडायचं? आता मिस्त्री लोकांची जन्माची खोड, ग्रीसचे हात पेट्रोलनं धुवायचे. धुतले की राजानं! बाटली उपडी करून, नखं घासून घासून. हात लख्ख झाले तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो ते. पंप गावाबाहेर आणि घड्याळात साडेसहा.

चावी फिरवली. घुर्र घुर्र झालं आणि गप्प. आवाज ऐकून सिंधु बाहेर आली.

"काय झालं?"

दगडोबानं धुतलेले हात पुढं केले. तिनं हात बघितले, मग रिकामी बाटली बघितली.

"शानपना तुमच्याकडनं इकत घ्यावा," म्हणून ती आत गेली. गेली ही एस्टीनं, असं त्याला वाटलं आणि खरं सांगायचं तर त्याचे डोळे भरले.

सिंधु परत आली ती बंबातलं कढत पाणी घेऊन. "तुमास्नी चा घेतल्याबिगर उठता येतं का? मग तिला कसं यावं? कुठं वतायचं सांगा."

त्यानं कार्ब्युरेटरखालच्या नळीला जाड फडकं गुंडाळलं, तिनं त्यावर तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं. जन्म गॅरेजात गेला, पण हे काही त्याला सुचलं नव्हतं. चौथ्या चावीला इंजिन खोकललं, थरथरलं आणि सुरू झालं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून सातची एस्टी हॉर्न वाजवत निघून गेली.

"तुजी गाडी गेली की," दगडोबा हळूच म्हणाला. "पिशवी कुठाय? आन, ठिवतो."

सिंधुनं गाडीच्या मागं बोट दाखवलं. त्यानं मागचं दार उघडलं. पलंगाखाली तिची पिशवी होती, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता आणि उशाला दोघांची वाकळ घडी घालून ठेवलेली.

"हे कवा ठिवलंस?"

"काल दुपारी, तुमी जेवून आडवं झालता तवा," पुढच्या सीटवर बसत सिंधु म्हणाली. "चला आता. लेकीला परवाच सांगितलंय, तुज्या आप्पाच्या गाडीनं येतोय म्हणून."