जिवंत चुलत्याचं सुतक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकत्र जेवतो, एकत्र रक्तदाबाच्या गोळ्या घेतो — पण हे नाही. तुम्ही ऐकताय म्हणून बोलतो. मध्येच अडखळलो तर घाई करू नका.

गेल्या महिन्यात मुलगी पुण्याहून आली. म्हणाली, ते जुनं फौजदारी कोर्ट आता पर्यटकांना दाखवतात, जाऊया. मी टाळायला बघितलं. गुडघ्याचं निमित्त केलं, उन्हाचं केलं. पण तिच्यापुढे माझं चालतंय कुठे? गेलो.

सगळं तसंच आहे हो! न्यायाधीशांची उंच खुर्ची, आरोपीचा पिंजरा, समोर साक्षीदाराचा. लाकडाला पॉलिश तेवढं नवीन. माहिती सांगणारी पोरगी हौशी — ज्याला त्याला पिंजऱ्यात उभं करायची, गमतीने शपथ द्यायची. लोक फोटो काढायचे. मी मागे सरकत भिंतीला टेकलो.

कारण त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी एकदा खरोखरच उभा राहिलोय. तीस वर्षं तरी झाली.

तेव्हा शाळेत नवीन लागलो होतो. बागेच्या हद्दीवरून मारामारी झाली, एकाच्या हातावर कोयत्याचा वार बसला, आणि आमच्या वाडीतल्या सदाला धरलं. सदा लोकांचे आंबे उतरवायचा. हवालदाराने मला चौकीत बोलावलं — मास्तर, पंच म्हणून सही करा. कोयता टेबलावर, पंचनामा लिहून तयार : सदाने माझ्यादेखत तो घराच्या माळ्यावरून काढून दिला. मी त्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं. घरी जायची, फोंड्याची शेवटची एसटी सुटत होती. केली सही.

अशा सह्या सगळेच करतात, म्हटलं. पण कोर्टात? कोर्टात कुठली एसटी सुटत होती?

साक्षीच्या दोन दिवस आधी सदाची आई घरी आली. अंगणातच उभी राहिली. म्हणाली, "मास्तरानू, कोर्टात काय ता सांगा. माका फक्त रवळनाथासमोर नारळाक हात लावन सांगा, कोयतो तुमी बघलास."

बघा माझी अक्कल! कोर्टात शपथेवर खोटं बोलायची तयारी होती माझी. देवळात नव्हती. देव सोडणार नाही, याची भीती — सदाची नाही. मी म्हणालो, "काकी, माका देवळात येवक जमाचा नाय. सुतक आसा. मुंबैक चुलतो गेलो. घरात अजून कोणाक सांगूक नाय, तूय बोलू नको."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि जिचा मुलगा कोठडीत होता त्या बाईने माझंच सांत्वन केलं. जाताना म्हणाली, "जेवन घ्या हां मास्तरानू, उपाशी रवा नको."

तिसऱ्या दिवशी मी पिंजऱ्यात उभा राहून स्वच्छ आवाजात सांगितलं — होय, माझ्यासमोर काढून दिला. नोकरी नवी होती, सही माझी होती. सदाला दोन वर्षं सजा झाली. वार त्याने केला होता का? मला माहीत नाही. तेच तर!

चतुर्थीला माझा चुलता मुंबईहून आला, धडधाकट. वाटेत सदाच्या आईने त्याला पाहिलं, मग मला पाहिलं. मग चालू लागली. सदा सुटून आला त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. तिच्या सुतकात मी सांत्वनाला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

तर — मुलीने हात धरून मला पिंजऱ्यात चढवलंच. "बाबा, नीट उभे रवा, फोटो काढतंय." माहिती सांगणाऱ्या पोरीने शपथ दिली, मी घेतली. मुलगी वकिलासारखा आवाज काढून विचारते, "साक्षीदार, कधी खोटा बोललास?"

माणसं हसत वाट बघत होती.

"नाय," म्हणालो.

टाळ्या वाजल्या.

सदा अजून आहे. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो. झाडावर चढवत नाही आता त्याला. बाजारात दिसलो की तो आधी हात जोडतो — मास्तर म्हणतो मला. हे सगळं तुम्हाला सांगितलं. त्याला नाही.