ओढ्यावरचा पूल आणि पोरांचा वकील

अल्मा तोर्गेसन शाळेची पिवळी बस चालवायची आणि महिन्यातून दोनदा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मंडळावर बसायची. डकोटाच्या माळरानावर माणसं इतकी विरळ की एकेकाला दोन-दोन कामं अंगावर घ्यावीच लागतात. मंडळावर तिघंच होते. अध्यक्ष व्हर्न ओपदाल, धान्याचं कोठार सांभाळणारा रॉय, आणि ती. लोकांचा पैसा खर्चायला तिचा हात फार आखडता. कोर्टाच्या इमारतीतले दिवेसुद्धा ती जाता जाता विझवत जायची. व्हर्न म्हणायचा, "अल्माच्या हातून डॉलर सुटायचा असला, तर आधी पाद्रीबाबांना बोलवावं लागतं."

दर हिवाळ्यात वर्षाचा खर्च मंडळापुढे वाचून दाखवला जायचा. कोर्टात गेलेल्या मुलांच्या वकिलांवर काय खर्च झाला, तर काही नाही. शेजारच्या काउंट्यांचं त्यापायी कंबरडं मोडलेलं, आणि इथं एक पैसा नाही. व्हर्न तिथं मुद्दाम थांबून चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचा. आपली मुलं वळणाची आहेत, असाच अर्थ सगळ्यांनी काढला होता. अल्मानंही. मुलं कोर्टात जात होतीच, पण वकील मागत नव्हती. चुकलं तर ताठ उभं राहून कबूल करायचं, वकील लागतो तो लबाडाला, ही तिथली शिकवण. तीही आईच्या दुधाबरोबर मिळालेली.

त्या शरदात गवताच्या तीन गंजी जळाल्या, आणि कोल्बी सापडला. तिच्याच बसमधला, मागच्या बाकावर बसणारा. त्याची आई शॉना वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, आणि तिची गाडी बंद पडलेली. तारखेच्या दिवशी अल्माच दोघांना आपल्या गाडीतून घेऊन गेली, आणि आता आलोच आहोत तर म्हणून मागच्या बाकावर टेकली.

न्यायाधीश काही वाईट माणूस नव्हता. वकील हवा का, त्यानं नीट विचारलं. शॉनानं हळूच विचारलं की त्याचं बिल घरी येईल का. येऊ शकतं, तो म्हणाला. कोल्बीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "नको, सर." मग तिन्ही गंजींचे आरोप एकदमच वाचून दाखवले गेले, आणि पोरानं एकदमच कबूल केलं. रविवारी देवळात सगळे मिळून कबुली देतात ना, ठाऊक असलेल्या पापांची आणि नसलेल्याही, तशी. देवळात कबुली संपली की पाद्रीबाबा लगेच क्षमा सांगतात. तीच सवय पोराच्या अंगात.

दुसऱ्या गंजीचा दिवस आणि वेळ ऐकली आणि अल्माला ती संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी शाळेचा संघ बास्केटबॉलला परगावी गेला होता, आणि संघाला न्यायला-आणायला तीच गेली होती. सामना बघायला म्हणून आलेला कोल्बी बसमधून उतरलाच नव्हता; डोक्यावरच्या मोठ्या आरशात तो तिला दिसत होता. काचेला गाल लावून झोपलेला. ती अर्धवट उठली. दाराशी उभ्या शिपायानं हातानंच बसा म्हटलं, आणि ती बसली. न विचारता मोठ्यांत बोलू नये, ही शिकवण तिलाही होतीच. तेवढ्यात पोराला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मुलांच्या सुधारगृहात धाडायचा हुकूम झाला. शॉनाच्या हातातली कॉफी अजून कोमट होती.

दुसऱ्या दिवशी अल्मा कोर्टाच्या कचेरीत गेली आणि सगळं सांगितलं. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं. पण हे वकिलाकरवी लिहून यावं लागतं, म्हणाल्या. आणि वकील तर नव्हताच.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत अल्मानं विषय मांडला. मूल मागो न मागो, प्रत्येकाला वकील, आणि बिल कुणाच्या घरी जायचं नाही. वकील शहरातून यायचा, त्याच्या येण्याजाण्याचे तासही मोजून द्यायचे. तेवढा पैसा एकाच ठिकाणी शिल्लक होता, विलो ओढ्याच्या खचलेल्या पुलासाठी ठेवलेला. आणि तो पूल नेमका तिच्याच बसच्या वाटेवर.

व्हर्न रागावला नाही, समजावत राहिला. "पूल बंद झाला तर कोल्बीच्या धाकट्या बहिणीला, मेसीलाच, अंधारात उठावं लागेल. तिनं काय केलंय?"

रॉय म्हणाला, "बस तू चालवतेस. तू म्हणशील तिकडे माझा हात."

अल्मानं डोळे मिटले. प्रार्थना करावी असं वाटलं, पण शब्द आले नाहीत. मग म्हणाली, "व्हर्न, खर्च आजवरही होतच होता. तो पोरं भरत होती, म्हणून आपल्याला दिसला नाही." आणि हात वर केला.

फळ्या ठोकून पूल बंद केला गेला. बस खडीच्या लांब रस्त्यानं जाऊ लागली. रविवारी देवळानंतरच्या कॉफीला अल्मानं केलेल्या लिंबाच्या वड्या ताटात तशाच राहिल्या. "आमच्या नातीला झोप नाही, आणि आग लावणाऱ्याला वकील," एक म्हातारी कपात बघत म्हणाली. अल्मानं ताट झाकून घरी आणलं.

वकील आली ती एक तरुण बाई होती. तिनं पहिलं कोल्बीचंच प्रकरण हातात घेतलं, अल्माचा जबाब लिहून घेतला. पण आठवड्यानं तिचा फोन आला. आपण पेटवली ती एकच गंजी, हे पोरानं तिला सांगितलं होतं, पण कबुली मागे घ्यायच्या कागदावर सही करायला तो तयार नव्हता. एकदा कबूल केलेलं फिरवलं तर आपण खोटारडे ठरू, म्हणत होता.

म्हणून शनिवारी अल्मा वकीलबाईंबरोबर तिकडे गेली. कोल्बीचे केस बारीक कापले होते, कान मोठे दिसत होते. तो तिला बघून उठून उभा राहिला.

"मेसीला अंधारात उठावं लागतं, आईनं सांगितलं," तो म्हणाला. "माझ्यामुळे ना, मिस अल्मा?"

हेही तो कबूल करून टाकत होता.

"नाही रे राजा. मत मी दिलं. ते माझं आहे, त्याला तू हात लावू नकोस. एक गंजी तुझी, ती तुझ्याकडे ठेव. बाकीच्या दोन मात्र तू उगाच उचलल्यास. दुसरी जळाली तेव्हा तू माझ्या बसमध्ये होतास, मला आरशात दिसत होतास. आता सही केलीस तर खोटं होत नाही. खोटं त्या दिवशी कोर्टात झालं, आणि मी मागे बसून ऐकत राहिले."

त्यानं टेबलाकडे पाहिलं. कागद तिथंच होता.

"त्या सामन्यात आपण जिंकलो होतो का?" त्यानं विचारलं. "मला झोप लागली होती."

"हरलो होतो," अल्मा म्हणाली. "चांगले सपाटून हरलो होतो."

वकीलबाईंनी पेन त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते उचललं, आणि कुठं सही करायची ते विचारलं.