सडणारं गाळणं

आमच्या नांदेडच्या लॅबमध्ये सगळं सडावं म्हणून आम्ही जिवाचं रान करून राहिलो, पण किस्से मात्र साठतच जातात. चहाला चौघं बसले की निघालेच!

काम असं, की पऱ्हाटीतला, म्हंजे कापसाच्या वाळल्या झाडातला, सेल्युलोज काढायचा अन् त्याची कागदासारखी पातळ मेम्ब्रेन करायची. तिनं गढूळ पाणी गाळायचं, अन् काम झाल्यावर मातीत टाकली की सडून जायचं. यावरच माझी पीएचडी अडकलेली.

मुरुडहून आईचा फोन आला. "इतकी वर्षं काय बनवून राहिलीस गं?"

"गाळणं, आई. सडणारं."

"अगं बाई! सडकं गाळणं घेतंय कोण? स्टीलचं कर की!"

*

काचेवर मेम्ब्रेनचं द्रावण ओतताना आमच्या गाईड सरांची सक्त ताकीद. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई, पंखा बंद! जरा हवा लागली की बारीक भोक पडतं, अन् त्यातून घाण सरळ खाली.

एकदा मी ओतून राहिले, सगळे श्वास धरून उभे, अन् सरच दणकून शिंकले! मला रडूच आलं. सरांनी वर पाहिलं. "पंखा कोणी लावला?"

लाईट सकाळपासून नव्हती.

*

मेम्ब्रेन सडते का ते बघायला तिचे तुकडे व्हरांड्यातल्या कुंडीत पुरले होते. मी अन् माझी मैत्रीण रेणुका, ती देगलूरची, उकरायला बसलो. सगळी माती चाळली, एक कण सापडला न्हाई. सगळी सडली! सरांनी लगेच पेढे मागवले.

पेढा तोंडात असतानाच रेणुका ओरडली, "अय्यो! आपल्या कुंडीत तर कोरफड होती!"

माळ्यानं झाडताना कुंड्या हलवल्या होत्या. आमची सापडली तेव्हा तुकडे अर्धेच सडलेले. सर म्हणाले, "अर्धे तर अर्धे. पेढे काही परत जात न्हाईत."

*

पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या, म्हंजे व्हायव्हाच्या, आदल्या आठवड्यात उलटंच झालं. पाण्यात ठेवलेल्या मेम्ब्रेनला बुरशी धरली! एकच तुकडा धड वाचला. मला लई भीती वाटून राहिली. "याला भोक असलं तर गं?"

"असलं तर आत्ता सांगू नको," रेणुका म्हणाली.

व्हायव्हाला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांच्यासमोर गोदावरीचं गढूळ पाणी त्याच तुकड्यातून गाळलं. थेंब थेंब करत ग्लास भरला. परीक्षकांनी तो उजेडात धरला.

"पिण्यालायक आहे?"

"हाव, एकदम!" सर म्हणाले.

"मग घ्या."

सरांचा चेहरा उतरला. "आज सोमवार. माझा निर्जळी उपवास असतो."

आत्ताच परीक्षकांसोबत सरांचा दोन कप चहा झाला होता!

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. भोक असलं तर, हेच डोक्यात घोळून राहिलं. पण इतकी वर्षं घालवली, आता मागं सरून कसं चालेल? डोळे मिटले अन् ग्लास रिकामा केला.

परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं, माझ्याकडे नीट पाहिलं, अन् टोपण परत लावलं.

"अर्धा तास थांबू," ते म्हणाले. "मग सही करतो."